अर्ध्या बोटाचा पिक्चर

भाऊजी, परवा तुमच्या जलदानाच्या विधीला एकानंही पिक्चरचं नाव घेतलं नाही.

विहारासमोर मांडव टाकला होता. नगरपालिकेतले लोक पुढच्या सतरंजीवर बसले होते अन् एकेक जण उठून दोन-दोन शब्द बोलत होता. तुमचे बडेबाबू म्हणाले, "ते अत्यंत शिस्तप्रिय आणि मितभाषी कर्मचारी होते." मितभाषी! तुम्ही! मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. दुसऱ्यानं सांगितलं की तुम्ही पांढुर्ण्याला कधी पाण्यावाचून ठेवलं नाही. तेवढं खरं. पण नळाचा व्हॉल्व्ह फिरवता फिरवता ज्या माणसानं अर्ध्या गावाला एक न निघालेला पिक्चर तोंडपाठ करून दिला, त्याच्याबद्दल कोणी अवाक्षर काढेना. शेवटी आमचे हे, तुमचे दादा, मला कोपरानं ढोसायला लागले. "तू बोल नं, तुझंच जास्त पटे त्याच्याशी." उठले. माइकसमोर उभी राहिले. बालवाडीत दिवसभर पोरांपुढे तोंडाचा पट्टा चालवणारी मी, तिथं नुसतं जयभीम म्हटलं अन् खाली बसले.

म्हणून आता बोलते. लोकांशी नाही, तुमच्याशीच. आपलं भांडण अर्ध्यावर आहे अन् तुम्ही निघून गेले. ही काही रीत झाली काय जी?

रामाकोन्याहून लग्न होऊन मी या घरात आले, त्याच वर्षी तुम्ही छिंदवाड्याला पोलीस भरतीला गेले होते. पळण्यात पास, उडीत पास, छाती तर अशी फुगवली म्हणे की शर्टाचं बटण उडालं. पण उंची मोजायची रांग पार मैदानाबाहेर गेलेली. सकाळपासून उन्हात उभे राहिले. तुमचा नंबर आला तेव्हा दिवस कलला होता. साहेबानं डोक्यावर पट्टी टेकवली अन् म्हणाला, "आधी उंगली कम. अगला."

घरी आले तेव्हा माय विचारून राहिली, दादा विचारून राहिले. तुम्ही अंगणात हातपाय धुतले. मी लोटा घेऊन उभी होते, नवी नवरी, डोक्यावर पदर, तोंडाला कुलूप. तुम्ही माझ्याकडे पाहून पहिलं बोट आडवं धरलं अन् त्याच्या अर्ध्यावर अंगठ्याचं नख टेकवलं.

"एवढ्यानं गेली, वहिनी."

तोवर आपण एकमेकांशी धड बोललोही नव्हतो. मला इतकं वाईट वाटलं की मी काहीतरीच बोलून गेले. म्हटलं, "मंग केस थोडे वाढवून जाचे होते नं." माय माझ्याकडे पाहतच राहिली. तुम्ही हसले. या घरातलं माझं पहिलं वाक्य ते, अन् त्यावर कोणी रागावलं नाही, हसलं. ते मी कधी विसरले नाही. तुम्हाला सांगितलं मात्र कधीच नाही.

पुढच्या भरतीत तुमचं वय बसलं नाही. मग नगरपालिकेत लागले, नळ सोडायला. पहाटे सायकलवर व्हॉल्व्ह फिरवायचा तो लोखंडी टी-पाना घेऊन निघायचे. सगळं सुरळीत चाललं होतं अन् मग तो रेडिओ बोलला.

आठवते नं? दुपारी मी तुरीची डाळ निवडून राहिले होते, तुम्ही ताटावर होते. रेडिओवर कोणी डॉक्टर शरीराबद्दल सांगत होता. म्हणाला, माणूस सकाळी झोपेतून उठतो तेव्हा उंच असतो अन् संध्याकाळपर्यंत बुटका होतो. पाठीच्या मणक्यांमध्ये म्हणे बारक्या गाद्या असतात. दिवसभर उभं राहून, बसून त्या दबतात. रात्री आडवं झालं की पुन्हा फुगतात. तुमच्या हातातला भाकरीचा तुकडा हातातच राहिला.

"वहिनी, काय म्हणला तो?"

दुसऱ्या दिवशी पहाटे उठल्याबरोबर तुम्ही दाराच्या चौकटीला पाठ लावून उभे. मी पाटावर चढून कोळशानं रेघ मारली. संध्याकाळी कामावरून आले, पुन्हा चौकट, पुन्हा रेघ. दोन रेघांच्या मधात तुम्ही बोट आडवं लावलं. अर्धं बसलं. बराबर अर्धं.

मला वाटलं आता हा माणूस दार फोडतो. नाहीतर रडतो. तुम्ही उंबरठ्यावर बसले. मग एकदम मांडीवर थाप मारली. "म्हणजे वहिनी, मी सकाळी पोलीस अन् संध्याकाळी नापास!" अन् हसायला जे लागले ते थांबेचनात. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यातलं सगळंच हसण्याचं नव्हतं, हे मला कळत होतं. पण तुम्ही हसतच राहिले, तं मीही हसले.

अन् दुसऱ्या दिवशी नळ सोडून आले ते आख्खा पिक्चर घेऊनच. टाकी ते चौक एवढ्या वाटेत तुम्हाला तो सुचला होता. हिरोची अर्ध्या बोटानं पोलीसची नोकरी गेली आहे. त्याला कळतं की माणूस आडवा पडला की उंचीत पुरा भरतो. भरती पुन्हा निघते. मग हा पठ्ठ्या ठरवतो, पांढुर्ण्यापासून छिंदवाड्यापर्यंत उभं राहायचं नाही, बसायचं तं नाहीच. आडवंच जायचं. बसवाला आडव्या माणसाला घेत नाही. तेव्हा चार दोस्त त्याला बाजेवर टाकतात, उन्हासाठी वरून पांढरी चादर घालतात अन् बाज खांद्यावर घेऊन निघतात. रस्त्यानं पाहणाऱ्याला काय वाटन?

"मौत! मयत चालली!" मी ओरडले होते. भाजी करपली त्या दिवशी.

मग काय, रोज नवा सीन. सौसरच्या बाजारात दुकानदार अर्धी फळी लावतात, टोप्या काढतात. संत्र्याच्या ट्रकचा ड्रायव्हर उतरून पाया पडतो. लोधीखेड्याचा एक जण बाजेजवळ येऊन हळूच कबूल करतो की बाप्पा, तुझी बकरी मीच नेली होती, माफ कर. अन् हिरो चादरीखाली दात-ओठ खाऊन राहिला, पण उठता येत नाही. उठला की गाद्या दबल्या! रेल्वेच्या छोट्या लाईनच्या फाटकावर गाडी इतकी हळू जाते की पॅसेंजर उतरतात, खांदा देतात अन् पळत जाऊन पुन्हा त्याच गाडीत चढतात. ते माझं होतं, भाऊजी. फाटकाचा सीन माझा. तुम्ही नळावर सांगताना आपला म्हणून सांगायचे, मला बायांनी सांगितलं आहे.

अन् माझ्या माहेराला तं तुम्ही सोडलंच नाही. "रामाकोन्याच्या बाया," म्हणायचे, "कोणाचीही मौत दिसू द्या, आधी रडून घेतात, मंग विचारतात कोण होता म्हणून." मी चिडायचे. पण खरं आहे ते. आमच्याकडे रस्त्यानं जाणाऱ्या परक्या मौतीलाही रिकामं जाऊ देत नाहीत.

"हा पिक्चर काढन कोण?" एकदा दादांनी विचारलं. तुम्ही म्हणाले, मुंबईत कोणी ओळखीचं पाहिजे. मी म्हटलं, माझा मामेभाऊ कामठीला आहे. "कामठीले काय पिक्चर निघतात, वहिनी?" त्यावर मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. तोवर गावात भाड्याचा व्हिडिओ आला होता, चौकात पडद्यावर एकामागं एक पिक्चर चालायचे. तुम्ही उभ्याउभ्या पाहून यायचे अन् म्हणायचे, "आपला याच्याहून चांगला आहे." अन् तो होता. मी आजही भांडायला तयार आहे.

मग तुम्हाला ती ट्रायल सुचली. लोक खरंच फसतात काय, हे पाहायचं होतं. एका रविवारी गल्लीतले तुमचे चौघं दोस्त, आपल्या घरची लाल नवारीची बाज, माझी धुतलेली चादर. गल्लीतून निघायचं, बसस्टँडपर्यंत जायचं, तिथं उठून लोकांना रामराम करायचा. मी दारातून पाहून राहिले होते. हसू आवरत नव्हतं.

लोक फसले. एवढे फसले की तुमचे दोस्तच घाबरले. सायकल दुकानवाल्यानं रेडिओ बंद केला. संत्र्याच्या ढिगाजवळ बसलेले उठून उभे राहिले. मागं माणसं जमायला लागली. अन् बसस्टँडजवळचे ते भजेवाले काका, जे तुम्हाला कधी सरळ तोंडानं बोलले नाहीत, ते तुमचं नाव कानावर येताच कढई उतरवून तसेच बेसनाच्या हातानं आले अन् एकाला बाजूला करून खांदा दिला. "काल तं नळ सोडला होता न त्यानं," म्हणाले अन् भर रस्त्यात हुंदके द्यायला लागले. तुम्ही चादरीखाली हे सगळं ऐकून राहिले होते. नंतर तुम्ही मला सांगितलं, "वहिनी, तेव्हा मले उठाचंच नोहतं वाटत. इतकं चांगलं मले कोणी जितेपणी नोहतं बोललं."

पण त्या दिवशी माय बाजारातून लवकर परतली. डोक्यावर वांग्याची टोपली. बसस्टँडच्या अलीकडे पुलाजवळ तिला समोरून मौत येताना दिसली. ती कडेला झाली, टोपली उतरवली, हात जोडले. अन् मग तिला बाज दिसली. लाल नवार. एका पायाला तिनंच बांधलेली तार. आपली बाज बाई कुठंही ओळखते.

तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो माझ्यापर्यंत गल्लीत आला. मी अनवाणी धावले. पोचले तेव्हा माय रस्त्यावर बसली होती, वांगी सगळीकडे लोळत होती, अन् तुम्ही बाजेवरून उडी मारून तिच्यासमोर गुडघे टेकून तिचे हात आपल्या तोंडावर फिरवत होते. "माय, मी आहो वं! हे पाह्य. हात लाव. मी आहो." लोक सुरुवातीला मागं पळाले. भजेवाल्या काकांनी आधी तुम्हाला एक लावली, मग मिठी मारली, मग पुन्हा एक लावली. मायनं तं चप्पल काढली ती घरापर्यंत थांबली नाही. तुम्ही पुढं, ती मागं, अन् मी वांगी वेचत सगळ्यात शेवटी.

माय कितीतरी दिवस तुमच्याशी बोलली नाही. पण भाकरी थापता थापता एकटीच हसायची. मी पाहिलं आहे.

अन् तिथूनच आपलं भांडण सुरू झालं. कारण त्या दिवसानंतर तुम्ही शेवटच बदलून टाकला. घाट चढून, छिंदवाडा समोर दिसून राहिलं, मैदानाचं फाटक चार पावलांवर. अन् समोरून हिरोची माय येते, बाज ओळखते, रडायला लागते, अन् हिरो उठतो. गाद्या दबल्या, नोकरी गेली, खेळ खलास.

"हे काय झालं जी?" मी लाटणं घेऊन उठले होते. "एवढं लोकायच्या खांद्यावर आणलं त्याले, अन् फाटकाजवळ उठवलं? लोकं तिकिटाचे पैसे वापस मागतीन!"

"माय रडून राहिली वहिनी. अन् तो पडून राहीन?"

"थोडा वेळ पडून राह्यला तं काय होते? नोकरी लागली की सांगन तिले. कॉमेडी आहे नं हे?"

तेव्हा तुम्ही जे बोलले ते मला आज शब्दाशब्दानं आठवून राहिलं आहे. तुम्ही म्हणाले, "कॉमेडी आहे म्हणूनच तं उठते तो. नाही उठला तं कॉमेडी राहात नाही."

मी ऐकणारी होते काय? मी वेगळा शेवट काढला. माय रडत येते, हिरो चादरीतून हळूच तिच्याकडे पाहून डोळा मारतो. तिला कळतं. मग ती डोळे पुसते, पदर खोचते अन् एका दोस्ताला बाजूला सारून आपणच बाजेला खांदा देते. "चला रे," म्हणते, "उशीर होऊन राहिला." मायच्या खांद्यावरून तो पुऱ्या उंचीचा आत जातो. टाळ्या! सांगा, वाईट आहे काय?

तुम्ही म्हणाले, "चांगला आहे. पण माझा हिरो उठीनच. मी काय करू, तो ऐकत नाही." मग वर्षानुवर्षं हेच. जेवताना, नळावर, दिवाळीत, बाजारात. मी म्हणायचे पडून राहू द्या, तुम्ही म्हणायचे उठतो. गल्लीतल्या बाया दोन पार्ट्यांत वाटल्या गेल्या. नळाला पाणी कमी आलं की माझ्या पार्टीच्या बाया म्हणायच्या, भाऊजीनं मुद्दाम व्हॉल्व्ह कमी सोडला.

कावीळ अशी अंगावर येईन असं कोणाला वाटलं होतं? आधी झाडपाला झाला, मग इथला दवाखाना, मग नागपूर. मी डबा घेऊन यायचे तेव्हा तुम्ही पलंगावर आडवे, डोळे हळदीसारखे. त्या दिवशी सलाइनच्या नळीकडे पाहून म्हणाले, "वहिनी, हा व्हॉल्व्ह लय हळू सोडला आहे." मग म्हणाले, "किती दिवस झाले आडवा आहो. आता मोजा मले. आता पुरा भरीन."

मी म्हटलं, "चूप पडा. आधी उठा, मंग मोजू."

तुम्ही हसून बोट आडवं धरलं. त्याच्या अर्ध्यावर नख टेकवायला दुसरा हात उचलवला नाही. मी माझं नख टेकवलं. एवढंच झालं. मला म्हणायचं होतं की भाऊजी, या घरात मला बोलायला तुम्ही शिकवलं, नाहीतर मी पदराआड मुकी म्हातारी झाले असते. म्हणायचं होतं. डबा उघडून वरणात भात कालवत बसले.

आता ऐका, तुम्हाला त्या दिवसाचं सांगते, कारण तुम्ही चादरीखाली होते तरी या वेळी ऐकून राहिले नव्हते.

सकाळी बांबू आणले. मोजायला आलेला म्हातारा तुमच्या शेजारी बांबू ठेवून म्हणाला, "उंच होता हो पोरगा." मला एकदम हसू फुटलं, भाऊजी. खरंच फुटलं. शेजारच्या बाईनं मला चिमटा घेतला. मी हसत होते अन् रडत होते अन् तिला सांगताही येईना की हा माणूस पोलीसमध्ये पास झाला म्हणून.

आपल्यात बायाही मौतीसोबत जातात. मी अन् माय मागं चालून राहिलो होतो. सायकल दुकानवाल्यानं मान वर केली अन् पाहतच राहिला. संत्रेवाले उठले नाहीत. एकमेकांकडे पाहून हसल्यासारखं करून राहिले. भजेवाले काका झारा हातात घेऊन ओट्यावर उभे होते. मोठ्यानं म्हणाले, "पुन्हा काय बे? एकदा फसलो मी, आता नाही फसत." अन् मग त्यांना मागं चालणारी माय दिसली. त्यांच्या हातातला झारा खाली पडला, तो आवाज मी ऐकला. पुढच्या क्षणी सगळे उठून उभे होते.

पुलाजवळ माय थांबली. त्याच जागी. तिरडी पुढं गेली होती, तिनं हाक मारली तसे लोक वळले, परत आणून खाली टेकवली. ती रस्त्यावर बसली, तुमच्या तोंडावरून हात फिरवला अन् म्हणाली, "ऊठ रे बाप्पा. पुरे झालं. ऊठ आता."

मी शपथ घेऊन सांगते, त्या पुलावर आख्खं गाव थांबलं होतं. कोणी तिला उचललं नाही, कोणी पुढं चला म्हणालं नाही. सगळे तुमच्याकडे पाहून राहिले होते. भजेवाले काकाही, तुमचे चार दोस्तही. मीही. एवढी वर्षं मी तुमच्याशी भांडले की उठू नका, पडून राहा. त्या वेळी मी मनात ओरडत होते, उठा जी भाऊजी, उठा, मी हरले, तुमचाच शेवट ठेवा.

तुम्ही उठले नाही.

मायनं थोडी वाट पाहिली. मग तिनं डोळे पुसले, पदर खोचला, तुमच्या एका दोस्ताला हातानं बाजूला सारलं अन् तिरडीला खांदा दिला. म्हाताऱ्यांपैकी कोणी म्हणालं, राहू दे बाई, तुला झेपणार नाही. "चला," ती म्हणाली, "उशीर होऊन राहिला."

माझा शेवट झाला, भाऊजी. माझाच, शब्दाला शब्द. मला तो नको होता.

नळाला आता एक नवीन पोरगा येतो. बिचारा वेळेवर येतो, पण मुका आहे, व्हॉल्व्ह फिरवून निघून जातो. काल पाणी बारीक होतं, बाया पाण्याचे गुंड रांगेत लावून बसल्या होत्या. कोणाची तरी नवी सून होती, लोधीखेड्याची. तिला बाकीच्यांनी सांगून ठेवलं असावं. पदर सावरत मला हळूच म्हणाली, "काकू, तो बाजेवरचा पिक्चर म्हणे तुम्हाले पुरा येते. सांगा नं."

मी सांगितला. सौसरचा बाजार सांगितला, बकरीवाला सांगितला, फाटकाचा सीन तुमचा म्हणूनच सांगितला. घाट चढले, छिंदवाडा दिसलं, समोरून माय आली. माझ्या पार्टीच्या बाया माझ्या तोंडाकडे पाहून राहिल्या होत्या. पोरीनं विचारलं, "मंग? पडूनच राह्यला?"

"नाही वं," मी म्हटलं. "मायचा आवाज ऐकला, अन् उठला."